सलग एक तास

मित्रांनो, मी एक जुना आयन-स्रोत आहे. नाव अवघड वाटलं ना? पण काम समजायला सोपं आहे. सूर्यात हलके अणू एकत्र येतात आणि ऊर्जा देतात. तसंच पृथ्वीवर घडवायचं तर वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि त्यासाठी वेगवान कणांचा झोत लागतो. मी हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन देऊन ऋण आयन बनवतो. झोताची सुरुवात तिथून होते.

२०११ साली तळोज्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पनवेलच्या प्रयोगशाळेत मला सांभाळायला दोघं होती, शास्त्रज्ञ विनिताताई आणि तंत्रज्ञ तुळशीरामकाका. काका मिठागरवाल्या घरातले. त्यांचे हात खरखरीत होते, पण माझे बोल्ट ते फार जपून आवळत.

दहा-पंधरा मिनिटं मी झकास चालायचो. पण मला सलग तासभर चालायचं होतं! सतराव्या मिनिटाला नको असलेले इलेक्ट्रॉन झोतात घुसायचे, झोत जिच्यातून बाहेर पडतो ती माझी जाळी तापायची आणि मी बंद पडायचो. असं अकरा वेळा झालं.

"शुक्रवारी शेवटची चाचणी," प्रमुख कृष्णकांत सर म्हणाले. "नाही जमलं तर हा उतरवू, विनिता. जागा दुसऱ्या प्रयोगाला हवी आहे."

मी खचलो. ताईंनी मात्र जेवणाचा डबा बाजूला सारला आणि अकराही चाचण्यांच्या नोंदी पुन्हा उघडल्या.

माझ्या जाळीवर सिझियम नावाच्या धातूचा पातळ थर लागतो. तो असेल तरच ऋण आयन भरपूर बनतात आणि नको असलेले इलेक्ट्रॉन कमी राहतात. एका छोट्या भट्टीतून, नळीवाटे, त्याची वाफ माझ्यात येते.

"काका, भट्टी भरलेली आहे, तरी जाळीवरचा थर विरतोय. वाफ जाते कुठे?"

काकांनी नळीवर जागोजागी तापमापक लावून पाहिला आणि एका वळणाशी ते थांबले. "ताई, हितं बगा. भट्टी गरम हाय, नळी गरम हाय, पन ह्यो कोपरा गार. वाफ हितंच बसते, फुडं जात नाय!"

दोघांनी त्या वळणाला तापवणारी पट्टी गुंडाळली.

शुक्रवारी सकाळी मी सुरू झालो. सतरावं मिनिट गेलं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला इलेक्ट्रॉन पुन्हा वाढू लागले.

"बंद कर, जाळी जाईल!" सर म्हणाले.

"अजून मर्यादेत आहे, सर. वाफ थोडी वाढवते." ताईंचा आवाज स्थिर होता. मीही ठरवलं, आता थांबायचं नाही. इलेक्ट्रॉन मोजणारा काटा हळूहळू खाली आला आणि मी पूर्ण तासभर चाललो. सरांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले.

पुढे माझ्याहून मोठा स्रोत आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. इथली हवा दमट, माझ्या तांब्यावर हिरवट डाग पडले आहेत. तक्रार नाही, मित्रांनो. फक्त मला भंगारात टाकू नका, कोरडं ठेवा. परवाच विनिताताईंनी माझी एक झडप काढून नव्या स्रोताला बसवली. त्याला दोन तास चालायचं आहे.