आवाज आला की बटण दाबा

ठिपका निळा झाला म्हणजे ऐकून झालं, असं फोनचं म्हणणं. सकाळपासून तो निळाच आहे, ओट्यावर, दुधाच्या पातेल्याशेजारी, आणि चारुता त्याच्याकडे बघत चहा ढवळते आहे—साखर घातलेलीच नाही हे लक्षात न येता—आणि तिला वाटतं आहे की आपण अजून काहीच ऐकलेलं नाही.

स्पृहाचा आवाज. पण कुठली स्पृहा?

बोलून पाठवलेला मेसेज काल आलेला, सगळा इटालियनमध्ये. त्याच्याखाली इंग्रजीत एक ओळ : सॉरी आई, चुकून तुला आला, इग्नोर कर. तिकडे इटलीत, पेरुजातल्या कुणा मैत्रिणीचं चॅट आईच्या वर-खाली असणार, बोट घसरलं असणार. काढून टाकता आला असता. टाकला नाही... पोरं आळशी असतात, चारुता, उगाच अर्थ काढू नकोस.

"दे इकडे, ॲपमध्ये टाकतो. मिनिटात मराठी होऊन येईल," नवरा, अनुप म्हणाला, बँकेत जायच्या घाईत, एक मोजा पायात आणि एक हातात. तिनं फोन पर्समध्ये टाकला. "पिझ्झाची ऑर्डर असेल, बाईसाहेब. रडताय काय?"

मी रडत नव्हते.

कुवेतच्या या अब्बासियाच्या गल्लीत कंपन्यांच्या बसेस एकामागे एक उभ्या, बालकन्यांना झेंडे—फेब्रुवारी, राष्ट्रीय दिवस जवळ आलेला—आणि टॅक्सीत बसते न बसते तोच हुसेनचा फोन. हुसेन अनुपच्या ऑफिसचा मंदूब, सगळ्यांच्या कागदपत्रांसाठी सरकारी कचेऱ्यांत फिरणारा, रत्नागिरीचा. सहा महिने बाहेर राहिलं की इकामा संपतो, राहण्याचा परवाना रद्द होतो, हे तिला माहीत होतं, इथल्या प्रत्येक आईला माहीत असतं. तरी तो पहिल्यापासून सांगतो.

"पोरीला म्हणावं, दोन दिवस येऊन पाय टेकवून जा, वहिनी. इकामा जिवंत राहील. नायतर पुढच्या वेळी व्हिजिट व्हिसा—सोताच्याच घरात पाहुणी. सुट्टीची गर्दी आहे, तिकीट मिळायचं नाही. दुपारपर्यंत सांगा, काय ते."

पाय टेकवून जाणं. अमेरिकेत, कॅनडात शिकणारी सगळी पोरं येतात अशी. विमानतळ, आईच्या हातचं जेवण, झोप, विमानतळ. पण स्पृहा एका सत्रासाठी गेली होती, इटालियन भाषा आणि संस्कृती शिकायला, आणि सत्र जानेवारीतच संपलं. मग म्हणाली, थोडं थांबते. मग म्हणाली, पुढचंही सत्र करावंसं वाटतंय. तिकिटाचं विचारलं की : उद्या सांगते. इथे जन्मली, इथल्या शाळेत गेली, आणि इथली नाही. पुण्याला गेली की दोन दिवसांत विचारते, घरी कधी जायचं. घरी म्हणजे या इथे. आणि हे घर म्हणजे एक कार्ड, मुदत असलेलं.

यायलाच सांगायचं, असं टॅक्सीतून उतरताना तिचं ठरलेलं होतं. नक्की ठरलेलं होतं.

सबाह अल-सालेममधल्या दवाखान्यात चारुता कान तपासते. काचेची खिडकी असलेली बंद खोली, आत खुर्ची, हेडफोन, पेशंटच्या मुठीत बटण. बाहेर तिचं यंत्र. आवाज आला की बटण दाबा—हे वाक्य ती अरबीत, हिंदीत, मल्याळममध्ये म्हणू शकते. आज पहिलीच एक म्हातारी कुवेती बाई, मेंदी लावलेले केस, सोन्याच्या जड बांगड्या. चारुतानं अजून हेडफोनमध्ये आवाज सोडलेलाही नव्हता आणि बाहेर यंत्रावर दिवा लागला. पुन्हा लागला. आत जाऊन ती मोडक्या अरबीत म्हणाली, "खाला, आवाज आल्यावर दाबायचं." म्हातारी हसली. तिचं म्हणणं, येणार आहे हे माहीत असताना वाट कशाला बघायची?

असे असतात. पुष्कळ. ऐकू यावं म्हणून इतके आतुर की शांततेलाच बटण दाबतात. ते खोटं दाबणं हळूच बाजूला काढायचं असतं, खऱ्या ऐकण्यापासून—हे माझं काम.

मग मी सकाळी काय ऐकलं? 'मामा' ऐकलं, म्हणजे तिकडची आई. 'कुवेत' ऐकलं. की नुसतंच दाबलं?

दुपारी पेशंट संपले तेव्हा ती फोन घेऊन त्या खोलीत शिरली, दार ओढून घेतलं, पेशंटच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत या बाजूला बसलीच नव्हती. इथून खिडकीपलीकडची आपली खुर्ची फार लहान दिसते. स्वतःचे इअरफोन घातले, मेसेज लावला. चाळा म्हणून बटण मुठीत धरलं.

आणि शब्द गेले. शब्द समजत नव्हतेच, आता त्यांची वाटही बघायची नव्हती, तेव्हा बाकी सगळं आलं—दगडावरची पावलं, चढावरची, कारण श्वास वाक्याच्या मधेच तुटतो आहे. आवाज दोन्हीकडून लगेच परत येतो आहे म्हणजे गल्ली अरुंद, भिंती उंच, दगडी... इथे, या रेतीत, या रुंद रस्त्यांत आवाज जातो तो जातोच, परत येत नाही. माझ्या मुलीचा आवाज कशावर तरी आपटून तिच्याकडे परत येतो आहे. आणि काय आवाज! घरात ती सांडणार नाही अशा बेतानं बोलायची, आईच्या मराठीला इंग्रजीत एक शब्द, ओके, फाईन, लेटर. ही बाई अडखळते आहे, शब्द शोधते आहे, सापडल्यावर हसते आहे, चुकून पुन्हा म्हणते आहे—न लाजता!—चाळीस घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. हे एवढं सगळं तिच्यात होतं? कुठे होतं? माझ्याच पोटातून इकडे आलं आणि मी—कान तपासणारी—

मग ती जागा. वरून, खिडकीतून असावी, एक बाई स्पृहाला हाक मारते, तिच्या जिभेला जमेल तशी : "स्प्रिया!"

आणि आवाज पातळ होतो. क्षणभरच. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, चारुताला कळलं : मान वळली. तोंड फोनपासून दूर गेलं, वर, त्या खिडकीकडे, आणि तिथून उत्तर गेलं, लांब, हसरं.

वळली.

स्पृहा सात-आठ महिन्यांची असताना चारुतानं तिला मांडीवर घेतलं होतं, समोर रंगीत चेंडू, आणि अनुप तिच्या मागे, दिसणार नाही असा उभा, हातात छोटी घंटी. वाजली. चेंडू सोडून ती इवलीशी मान वळली, आवाज कुठून आला ते शोधत, डोळे एवढे मोठे... तपासायची गरज नव्हती, सगळं ठीकच होतं. पण ते वळणं बघायचं होतं. जगात आपल्यामागेही काही आहे हे पहिल्यांदा कळतानाचा चेहरा. अनुप म्हणाला होता, पुरे आता. ती म्हणाली होती, आणखी एकदा वाजव.

आणखी एकदा वाजव.

फोन मुका करून ठेवला होता. पडद्यावर हुसेनचं नाव उजळलं, थरथरलं, विझलं. दुपार झाली. एक वाक्य सांगायचं आहे त्याला, आणि एक स्पृहाला, आणि सकाळचं ठरलेलं वाक्य तिनं तोंडात धरून बघितलं—ये, पाय टेकवून जा—ते अजून होतं, खोटं नव्हतं. पण ते म्हणताना चारुताला आता ती मान दिसत होती. एवढ्या उंच खिडकीकडे वळलेली. अशा मानेला मागून कशी हाक मारतात? किती मोठ्यानं? कुठल्या नावानं?

हुसेनचं नाव पुन्हा उजळलं.

तिनं मेसेज पहिल्यापासून लावला. पावलं. चढ. श्वास. भिंती जवळ आल्या. ती जागा यायला अजून अवकाश होता, खिडकी अजून उघडायची होती, बाईनं अजून हाक मारायची होती—आणि चारुताच्या मुठीतलं बटण दाबलं गेलं.

पलीकडे, यंत्रावर, दिवा लागला. तिच्या खुर्चीत कोणी नव्हतं.