थोरल्याचा कान

तियानजिनच्या दर्यादेवीच्या देवळात चोरी केली तर पाप लागत नाही. उलट न करणाऱ्या बाईलाच शेजारणी नावं ठेवतात. लग्नाला वर्षं उलटली आणि कूस उजवली नाही की बाईने देवळात जायचं, देवीच्या पायाशी मांडलेल्या मातीच्या बाळांतलं एक निवडायचं, त्याच्या गळ्यात लाल दोरा बांधायचा आणि बाहीत दडवून सरळ घर गाठायचं. पुजारी नेमका तेव्हाच उदबत्तीची राख झाडायला पाठ फिरवतो. पुढे पोटी मुलगा आला तरी तो धाकटा. थोरला मातीचाच.

याओ वहिनीने असाच एक थोरला आणला आणि वर्षाच्या आत हाइशेंग झाला. धाकट्याचा जीव थोरल्याच्या दोऱ्याला बांधलेला, म्हणून थोरल्याचे लाड काही विचारू नका. जेवायला पहिली वाटी त्याची. दरवर्षी त्याला बाहुल्या घडवणाऱ्या मेंगकाकांच्या दुकानी न्यायचं. मेंगकाका जुनी बाहुली फोडून भिजवायचे, त्याच मातीत मूठभर नवी कालवून वर्षाने मोठा थोरला घडवायचे. याला म्हणायचं थोरल्याची अंघोळ. हाइशेंग तीन वर्षांचा असताना त्याने थोरल्याच्या डाव्या कानाला कडकडून चावा घेतला. का, तर थोरल्याला आधी वाढलं म्हणून. मेंगकाका पोट धरून हसले आणि तेव्हापासून दर अंघोळीला नव्या कानावर नखाने तो चावा उठवू लागले. म्हणायचे, भावाभावांचं भांडण, ते पुसणारा मी कोण?

हाइशेंग सतरा वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात आभाळ फाटलं. नदीकाठी परक्यांच्या वखारी आणि वसाहती होत्या, आणि खेड्यापाड्यांतली पोरं त्यांना हाकलायला मुठी आवळून आली होती. आम्हाला गोळी लागत नाही म्हणायची. लागली. मग दर्यापल्याडची आठ राज्यं जहाजं भरभरून फौजा घेऊन आली, आणि ज्यांनी कुणाच्या बापाचं घोडं मारलं नव्हतं त्यांच्या कौलांवर तोफगोळे पडायला लागले.

एका पहाटे दक्षिण वेस सुरुंगाने उडाली. सगळं गाव उत्तर वेशीकडे पळत सुटलं. गल्लीच्या तोंडाशी याओ वहिनी थांबली. बोचक्यात तांदूळ होते, थंडीचे जोडे होते, थोरला नव्हता. थोरल्याला मागे टाकलं की धाकट्याचा दोरा तुटतो, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं आणि आईला आजीने. ती हाइशेंगला म्हणाली, "जा रे, दादाला घेऊन ये."

नवऱ्याने तिला नाही नाही ते सुनावलं. मातीच्या गोळ्यापायी पोटच्या गोळ्याला परत पाठवतेस? पण हाइशेंग तेवढ्यात वळलासुद्धा. जाताना हसत म्हणाला, "तुम्ही चालत राहा. दादाचे पाय आखूड, मी घेतो त्याला कडेवर."

मागून लोंढा आला आणि त्याने नवराबायकोला उचलूनच वेशीपार नेलं. तटावर चढलेले परके शिपाई गोळ्या झाडत होते. हाइशेंग काही आला नाही.

पुढे शहर थंड झाल्यावर दोघं घरी परतली. छप्पर जळालं होतं, भिंती उभ्या होत्या, आणि थोरल्याचा कोनाडा रिकामा होता. याओ वहिनी तिथेच मटकन बसली. बसली ती आनंदाने! म्हणजे पोरगं घरापर्यंत पोचलं होतं. लुटारू तांब्याची भांडी नेतात, मातीची बाहुली कोण नेतो? तो दादाला घेऊन निघाला, कुठेतरी लांब पोचला, आज ना उद्या येईल. नवऱ्याने एकदा हळूच विषय काढला, की मेलेल्यांसाठी जाळतात तसे कागदाचे पैसे त्याच्या नावाने जाळू, पोराचा जीव अधांतरी राहायला नको. तिने ताट भिरकावलं. पुन्हा त्याने विषय काढला नाही, आणि फार जगलाही नाही. दोष द्यायचा तर त्याने द्यायला हवा होता, पण मरेपर्यंत तो त्यावर एक अक्षर बोलला नाही. शिव्या परवडल्या असत्या.

परक्यांनी शहराचा तट पाडला. तटाच्या जागेवरून ट्राम धावू लागली. याओ वहिनी चपला शिवून पोट भरायची आणि दरवर्षी नव्या वर्षानंतर मेंगकाकांच्या दुकानी जाऊन विचारायची, चावलेल्या कानाचा थोरला कुणी आणला का? हाइशेंग जिथे असेल तिथे दादाची अंघोळ चुकवणार नाही, हा तिचा भरवसा. मेंगकाका नाही म्हणायचे आणि तिला गरम पाणी प्यायला द्यायचे.

मग क्रांती झाली. बादशहा गेला, त्याच्या हुकमाने राखलेल्या पुरुषांच्या वेण्या गेल्या, आणि पगार थकलेल्या शिपायांनी भर बाजार लुटून जाळला. म्हणजे राज्य बदललं तरी जळायचं ते आपणच. त्या जळक्या वासातच मेंगकाकांचा निरोप आला, वहिनी, जशा असाल तशा या.

दुकानात मेजावर थोरला बसला होता. तिने आधी कान पाहिला. डावा. चावलेला. मग तोंड पाहिलं. थोरल्याला मिशी होती! तिशीचा बाप्या झाला होता. कुणीतरी एकही वर्ष न चुकवता त्याला अंघोळ घातली होती, दर खेपेला चावा राखला होता. भावाशिवाय कोण राखेल?

"कुठाय तो?" तिने विचारलं. "बाहेर उभा आहे का? लाजतो आहे का मला?"

मेंगकाकांनी कोपऱ्याकडे हात केला. तिथे कालव्यावरची एक नाववाली उभी होती. दोंग तिचं नाव. तिच्या गावच्या शाळेतल्या पोरांनी, ही जुनी खुळं बंद, म्हणत तिकडच्या बाहुलीवाल्याचं दुकान फोडलं होतं, म्हणून थोरल्याला घेऊन ती शहरात आली होती. मेंगकाकांनी कान ओळखला आणि तिला विचारलं, तेव्हा तिच्याने खोटं बोलवलं नाही.

"मी त्या गर्दीत होते," ती म्हणाली. "उत्तर वेशीच्या कमानीखाली तो पडला. पोटात गोळी होती. हा माझ्या हातात कोंबला नि म्हणाला, माझी आई पुढेच आहे, निळा अंगरखा, तिला द्या. मला दिसलात तुम्ही, वहिनी. हाक मारली असती तर तुम्ही वळल्या असतात."

"मग?"

"मला मूल नव्हतं."

याओ वहिनीचा हात दोंगच्या गळ्यापर्यंत गेला. तिथेच थांबला. हाकेच्या अंतरावर तिचं लेकरू होतं, आणि ती पाठ करून चालत राहिली होती. चालत राहा, असं त्यानेच सांगितलं होतं. बारा वर्षं तिने जपलेला आधार त्या एका वाक्यात गेला, आणि ती ओक्साबोक्शी रडली. दोंगही रडली. मेंगकाकांनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या.

रडू ओसरल्यावर याओ वहिनीने विचारलं, "एकटा होता का गं?"

"नाही. डोळे मिटेपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

"मूल झालं?"

"मुलगी. रोज पहिली वाटी यालाच वाढते. दादा म्हणते."

याओ वहिनीने थोरल्याच्या मिशीवरून बोट फिरवलं. मग डोळे पुसून मेंगकाकांना म्हणाली, याची अंघोळ करा, पण माती थोडी राखा. थोरला जाऊ दे त्याच्या बहिणीकडे. उरलेल्या मातीचा मला एक वेगळा करून द्या, सतरा वर्षांचा. त्याच्या बापाशेजारी पुरायला काहीतरी हवं.

माती भिजली, कालवली गेली. दुसऱ्या दिवशी मेंगकाकांनी आधी थोरला घडवला, त्याच्या कानावर चावा उठवला आणि तो दोंगच्या हवाली केला. मग सतरा वर्षांचा घडवायला बसले. सगळ्या शहराच्या वेण्या कापल्या गेल्या होत्या. याला मात्र त्यांनी लांब वेणी दिली. ओठ थोडे हसरे ठेवले. शेवटी सवयीने त्यांचं नख डाव्या कानाकडे गेलं.

याओ वहिनीने त्यांचं मनगट धरलं.

"याचा कान राहू द्या, काका," ती म्हणाली. "हा धाकटा आहे."