दाराकडचं उखळ

मित्रांनो, उचगावात ज्या दुकानापुढून जाताना तुम्हाला हमखास शिंक येते, त्या दुकानात धडधडणारा जुना डंक म्हणजे मी. मिरची-मसाला कुटायचं यंत्र. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत माझं लोखंड ओतलं गेलं. मला दोन उखळं आहेत आणि दोन मुसळं. दिसायला मी काळा, तेलकट आणि बोजड आहे. खोटं कशाला बोलू?

हंबीररावांनी मला दुकानात बसवलं, पण चालवलं त्यांच्या बायकोनं, तानाबाईनं. उन्हाळा लागला की बायका भाजलेल्या मिरच्या, खोबरं, तीळ, धणे आणि तळलेला कांदा-लसूण डब्यांतून घेऊन यायच्या. माझ्यापुढं बसून डोळे पुसत, सासवांना नावं ठेवत वर्षाची चटणी कुटून न्यायच्या.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक नवी सून डबा घेऊन आली आणि लसणाचा वास येताच दारात थबकली. तिचं नाव चंदना. घर जैनांचं, त्यांच्या चटणीत कांदा-लसूण चालत नाही. ती डबा घेऊन तशीच माघारी वळली. तानाबाईनं तिला हाक मारली. माझ्या दाराकडच्या उखळात तोवर काहीच पडलं नव्हतं. त्यावर हात ठेवून तानाबाई म्हणाली, "ह्ये तुझं. ह्यात लसूण कधी पडणार न्हाय."

तो शब्द तिनं बावीस वर्षं पाळला. आतल्या उखळापुढं रांग दारापर्यंत जायची, तरी दाराकडचं मुसळ ती वर अडकवून ठेवायची. बायका चिडायच्या, टोमणे मारायच्या. तानाबाई हलायची नाही. मग आसपासच्या गावांतल्या जैन बायकाही येऊ लागल्या. इतक्या विश्वासानं वापरलं जाणं प्रत्येक यंत्राच्या नशिबी नसतं, मित्रांनो.

पुढं तयार चटणीची पाकिटं आली. घरात भाजत-तळत बसायला कुणाला वेळ उरला नाही. हंबीरराव वारले. माझा पट्टा सैल झाला, अंगावर गंज चढला. भंगारवाला दोनदा येऊन मला बोट मारून गेला. जित्या जनावराला बाजारात चाचपतात तसं.

तेव्हा तानाबाईची नात अनुजा पुढं झाली. पोरगी कॉलेजात कॉमर्स शिकते. ती म्हणाली, आज्जी, आपण दुकानाचा व्हिडिओ टाकूया, सगळी टाकतात. तानाबाई लुगडं बदलून आली आणि मोबाइलपुढं अशी उभी राहिली, जणू रेशनकार्डाचा फोटो काढतायत. अनुजा म्हणाली, "आज्जी, जरा हस की." तानाबाई म्हणाली, "मिरची कुटताना कोण हसतंय?" त्या व्हिडिओत माझा आवाज काढून पोरीनं कसलंसं गाणं घातलं. मला राग आला. बघितला तो सतरा जणांनी. बरं झालं.

मग एका सकाळी तानाबाई बारशाला गेली होती. अनुजा नवा व्हिडिओ काढायला मोबाइल घेऊन एकटीच दुकानात. आतल्या उखळावर अंधार होता. दाराकडच्या उखळावर कोवळं ऊन पडलं होतं. पोरगी आत बघायची, दाराकडं बघायची. मी जागेवरून ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. तिनं दाराकडचं मुसळ सोडलं. लाल मिरची पडली, सोनेरी लसूण पडला, उन्हात मसाल्याची धूळ उडाली. खरं सांगतो, सुंदर दिसलं. नंतर तिनं उखळ साबणानं घासलं, पुसलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. मनानं वाईट नाही हो ती. दुकान वाचवायचं होतं तिला. पण दुसऱ्याच दिवशी त्याच उखळात चंदनाची चटणी कुटली गेली, आणि तिच्यामागून आणखी तिघींची.

व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला. दुकानापुढं गाड्या थांबू लागल्या. चंदगडची एक बाई मिरच्यांचं पोतं घेऊन एसटीनं आली. मी पुन्हा दिवसभर धडधडू लागलो. तानाबाईच्या चेहऱ्यावर रया आली.

आठव्या दिवशी चंदना आली. तिनं चटणीचा डबा तानाबाईपुढं ठेवला आणि मोबाइल उघडून धरला.

"मावशी, ह्ये दाराकडचं उखळ न्हवं?"

तानाबाईनं व्हिडिओ दोनदा बघितला. मग नातीकडं बघितलं. अनुजा पुटपुटली, "मी धुतलं हुतं की, आज्जी."

चंदना म्हणाली, "घरात आमच्या आजेसासू हायत, आक्का. नव्वदी गाठली त्यांनी. जन्मात लसणाला शिवल्या न्हाईत. आठ दिवस ही चटणी मी त्यांच्या ताटात वाढली."

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. त्यातल्या एकीनं तानाबाईच्या कानात सांगितलं, दुसरीकडचा व्हिडिओ हाय म्हणून सांग, मोबाइलात कुणाला काय कळतंय? असले सल्ले फुकट मिळतात आणि भरपूर मिळतात. लोकांना दुसऱ्याची लाज झाकायची फार हौस.

तानाबाई म्हणाली, "व्हय चंदना, आमचंच हाय. शब्द माझा हुता. तो मोडला."

चंदना डबा तिथंच ठेवून निघून गेली.

अनुजा रडत व्हिडिओ काढून टाकायला निघाली. तानाबाईनं हात धरला. "पुसलास तर आपण चोर ठरू. दुसरा काढ." त्या दुसऱ्या व्हिडिओत गाणं नव्हतं. तानाबाई सरळ बोलली, की दाराकडच्या उखळात लसूण कुटला गेलाय, चौघींची चटणी बाटलीय, त्यांनी ती खाऊ नये, मी दारात येऊन माफी मागणार. खाली लोकांनी लिहिलं, म्हातारीचं नाटक, एवढ्याशा लसणाचं काय! ज्यांनी आयुष्यात कुणाला दिलेला एक शब्द धड पाळला नाही, त्यांची बोटं फार चालतात, मित्रांनो.

तानाबाई अनुजाला घेऊन चारही घरी गेली. मग शिरोलीहून माणसं आली. त्यांनी माझं दाराकडचं उखळ आणि मुसळ उपसून काढलं. बावीस वर्षांचा अवयव. दुखलं का विचाराल तर हो, दुखलं. पण लोखंडात मुरलेला वास साबणानं जात नाही, हे मलाच ठाऊक होतं. तिथं नवं, कोरं उखळ बसवलं. दोन आठवडे ते तसंच राहिलं. कुणी आलं नाही. आतल्या बाजूला गर्दी होती, तरी तानाबाईचं लक्ष दाराकडं.

मग एका दुपारी रिक्षा थांबली. चंदनानं एका वाकलेल्या म्हातारीला धरून उतरवलं आणि मागून मिरच्यांचा डबा काढला. त्या आक्का. तानाबाई उठून पाया पडली. आक्का तिथं थांबल्या नाहीत. त्या माझ्यापाशी आल्या, नव्या उखळात खोलवर हात फिरवला, तळवा नाकाशी नेला आणि डोळे मिटून बराच वेळ वास घेत राहिल्या. अनुजा भिंतीला टेकून बघत होती. मोबाइल तिच्या खिशातच होता.

आक्का म्हणाल्या, "मी उपास धरला, प्रायश्चित्त झालं. चूक कबूल करणारी माणसं ऱ्हायलीत कुठं?" मग अनुजाकडं वळल्या. "पोरी, तुझ्या हातानं कूट. मी बसते हितं."

मित्रांनो, दुकानाचे व्हिडिओ काढा, जरूर काढा. माझा जीव त्यानंच वाचलाय, मी कृतघ्न नाही. पण एखाद्या वस्तूवर ऊन चांगलं पडलंय म्हणून तिला हात घालण्याआधी, ती कुणासाठी राखलीय हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

त्या दुपारी अनुजानं मुसळ सोडलं. आक्का खुर्चीत बसून शिंकत होत्या, आणि तानाबाई पदरानं त्यांचे डोळे पुसत होती.