यादीतलं सतरावं घर

मुख्याध्यापक संघाची यादी घेऊन अल्लाल आला, तेव्हा बन्नासर स्वयंपाकघरात पुदिना निवडत बसला होता. त्याची बायको रकिया हिला जाऊन सात महिने झाले होते. ती कुंपणापलीकडच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि हे घर शाळेचं होतं. बन्नासर दुसऱ्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला आणि मग इथे तिच्याकडे राहायला आला. संघाचा तो अकरा वर्षं चिटणीस होता. आता ते काम अल्लालकडे होतं.

"सी बन्नासर, तुझी अरबी जिवंत आहे ना अजून?" नावाआधी नेहमीचं आदराचं 'सी' लावत अल्लालने फाइल टेबलावर टाकली आणि बशीतले बदाम पुढे ओढले. "सोमवारी शिक्षण कार्यालयात निवेदन द्यायचंय. एकदा नजर घाल. नाहीतर ते लोक व्याकरण तपासत बसतात, मागणी राहते बाजूला."

"तू लिहिलंयस म्हणजे त्यांचा आठवडा मजेत जाणार."

"बोल बोल. आम्ही डोंगरातली माणसं."

मागणी जुनीच होती. जिल्ह्यात शाळांच्या कितीतरी घरांत निवृत्त मुख्याध्यापक राहत होते, कुठे कुठे वारलेल्यांच्या घरची माणसं. नव्या मुख्याध्यापकांना रोज चाळीस-पन्नास किलोमीटर यावं लागे. घर तीन महिन्यांत रिकामं व्हावं, आणि कार्यालयाला नाव कळवण्याआधी संघाच्या चिटणीसाने स्वतः जाऊन समोरासमोर सांगावं, असं संघाच्या नियमांत कलम होतं. ते बन्नासरनेच लिहिलेलं होतं.

आठ वर्षांपूर्वी तो असाच एका विधवेकडे गेला होता. तिने चहा केला. दोन पेले पिऊन झाल्यावर त्याने विषय काढला. घरी येऊन त्याने रकियाला सांगितलं, तेव्हा ती कणीक मळत होती.

"कलम बरोबर आहे," ती म्हणाली होती. "पण चहा पिऊन मग सांगितलंस? आधी सांगायचं. चहा द्यायचा की नाही ते तिने ठरवलं असतं."

बन्नासरने पेन्सिल घेऊन पानं तपासली. शेवटी यादी होती. सोळा शाळा. त्याने पुन्हा वरपासून वाचली.

"ही शाळा कुठंय?"

"कुठली?"

"जिथं बसून तू माझे बदाम संपवतोयस ती."

"राहिली असेल टाइप करताना."

"टाइप कोण करतं?"

"मीच." अल्लालने बशी मागे सारली. "हे बघ, बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं. तू संघासाठी एवढं केलंस. एक वर्ष जाऊ दे म्हणाले."

"आणि सिहाम?"

सिहाम म्हणजे रकियाच्या जागी आलेली मुख्याध्यापिका.

"तीच पहिली बोलली. म्हणाली, सी बन्नासरांना कुणी त्रास देऊ नका."

बन्नासर रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला बघायचा. साडेसातला ती टॅक्सीतून उतरे, नळावर बुटांचा चिखल धुई आणि आत जाई. या घराचं दार तिने एकदाही वाजवलं नव्हतं. एकदा फक्त कुंपणापलीकडून विचारलं होतं, झाडाखाली पडलेली डाळिंबं मुलांना वाटली तर चालतील का. झाड रकियाने लावलेलं होतं. चालेल, असं तो म्हणाला होता.

"पहाटे पाचला घर सोडते ती," बन्नासर म्हणाला. "दहा महिन्यांचं पोर आईकडे ठेवून."

"तुला कुणी सांगितलं?"

"टॅक्सीवाल्याने."

"अरे, पण तुझं सगळं इथे आहे." अल्लालने दाराकडे पाहिलं. दाराआड खिळ्याला रकियाचा शाळेतला पांढरा डगला होता.

बन्नासरने सोळाव्या नावाखाली सतरा आकडा घातला, शाळेचं नाव लिहिलं आणि पुढे स्वतःचं.

"खोड ते."

"मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आधी सांगायचं, मग नाव. कलम आहे."

"तूच लिहिलंस, तूच मोड. मला कशाला यात ओढतोस?"

"चिटणीस कोण आहे?"

केटलीतलं पाणी उकळायला आलं होतं. बन्नासरने उठून गॅस बंद केला.

"सांग."

अल्लाल उभा राहिला. त्याने कोटाचं बटण लावलं आणि खिडकीबाहेरच्या नळाकडे बघत बोलला, "सी बन्नासर, संघाची तुम्हाला विनंती आहे. हे घर तीन महिन्यांत रिकामं करावं. नव्या बाईंना ते लागतंय."

"बरं," बन्नासर म्हणाला. "महिना पुरेल. मेकनेस शहरात मुलीकडे एक खोली आहे."

अल्लालने फाइल उचलली. "येतो मी."

बन्नासरने गॅस पुन्हा पेटवला.

"बस. चहा द्यायचं मी ठरवलंय. आणि तिसऱ्या पानावर दोन चुका आहेत, त्या बघू."