सनईची पत्ती

पहूरच्या चिंधा वाजंत्र्याला लोक लग्नात सगळ्यात आधी बोलवायचे आणि सगळ्यात शेवटी जेवायला घालायचे, तेही मांडवाबाहेर, उकिरड्याच्या अंगाला. शिवाशिव बंद करण्याचा कायदा होऊन सहा वर्षं उलटली होती, पण कायदा राहिला दिल्लीत आणि पंगत बसली दारात. चिंधाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्याला खात होतं ते वेगळंच. पोटी मूलबाळ नाही, भावकीत कुणाला छातीत दम नाही, आणि बापानं दिलेली विद्या आपल्याबरोबर मसणात जाणार.

म्हणून जामनेरचा गिरधर, केळीच्या मळ्याचा मालक, तिशीतला गडी, एक दिवस स्वतः दारात येऊन म्हणाला, "नाना, मला सनई शिकवा," तेव्हा चिंधाला आभाळ ठेंगणं झालं. त्याची बायको बेबाबाई धुळ्याकडची, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मी सांगस, तो मानूस आपला नही शे. बठ्ठं तोंडवर गोड."

बायकोचं ऐकेल तो चिंधा कसला. दर बुधवारी तो जामनेरला जाऊ लागला. शिकवणी गोठ्यात. चहा कान तुटलेल्या कपात, आणि तो कप गोठ्याच्याच कोनाड्यात. आपण प्यायचा, आपणच विसळून ठेवायचा. चिंधा म्हणायचा, जाऊ द्या, विद्या घेतोय ना पोरगा. आणि घेत होता, मेला. छाती अशी भरदार, कान असा तल्लख, की चिंधाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

अडलं ते पत्तीपाशी. सनईच्या तोंडाला बसवायची ती बोटाच्या पेराएवढी पत्ती कोरी असते तेव्हा आडमुठी असते. शिकवणाऱ्यानं ती तोंडात धरून भिजवायची, आठ-पंधरा दिवस फुंकून सुरावर आणायची आणि मग शिकणाऱ्याच्या तोंडी द्यायची. चिंधाला त्याच्या बापानं तशीच दिली होती. पण गिरधरला दिलेल्या दोन पत्त्या आठवड्याच्या आत चिरल्या.

"आईनं उकळत्या पाण्यात घातल्या, नाना," गिरधर मान खाली घालून म्हणाला. "जुनी माणसं. मी तरी काय करू?"

खरंच, पोरगा तरी काय करणार. चिंधानं मनातल्या मनात त्याच्या आईला, तानुबाईला, चार शिव्या हासडल्या आणि तिसऱ्या वेळी घरून बापाच्या हातची पत्ती आणली. बापानं कोरलेली ती शेवटचीच. गिरधरच्या बहिणीचं, लताचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि मांडवात आपला शिष्य वाजवणार, या आनंदात चिंधाला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या बुधवारी धडा संपवून तो वेशीपर्यंत गेला, तेव्हा आठवलं की छत्री गोठ्यातच राहिली. परत आला. गोठ्यामागे गुरांसाठी सरकीचं आंबोण शिजवायची चूल पेटलेली. गिरधर उकिडवा बसलेला, एका हातात चिमटा, चिमट्यात पत्ती, दुसऱ्या हातानं नाक दाबलेलं. पत्ती पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात बुडवायचा, काढायचा, बाजूला थुंकायचा, पुन्हा बुडवायचा.

तानुबाई शेजारी उभी होती. "अरे, किती उकळशील? चिरेल ती. त्यांच्या बापाची आहे ना?"

"असू दे. त्याच्या तोंडातली आहे, आई. मला ओकारी येते."

चिंधानं छत्री घेतली नाही. तसाच घरी आला. कोनाड्यातला कप त्यानं वर्षभर गिळला होता, तो आता कडू होऊन वर येत होता. गिरधरपेक्षा जास्त किळस त्याला स्वतःची आली.

पुढच्या बुधवारी लग्नघर पाहुण्यांनी गजबजलेलं. गिरधरनं अंगणात सनई लावली. पत्ती त्या उकळ्या सोसून टिकली होती. चिंधाच्या बापाचीच चाल, आणि वाजवली अशी की पाहुण्यांचे हात जागच्या जागी थांबले. चिंधाच्या अंगावर काटा आला आणि त्या काट्याचाही त्याला राग आला.

"नाना, आता तेवढा न तुटणारा दम शिकवा," गिरधर हसून म्हणाला. गालात वारा धरून नाकानं श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही, ही बापाची शेवटची विद्या. तीच बाकी होती.

"आणा. वाजवून दाखवतो."

गिरधरनं ओठांतली सनई काढून पुढे केली. चिंधानं पत्ती उपसली, दोन बोटांत लांब धरली.

"तानुअक्का, उकळतं पाणी आणा. मूठभर राख आणा."

"कशाला, नाना?" गिरधरनं विचारलं.

"तुमच्या तोंडातली आहे, गिरधरभाऊ. मला ओकारी येते."

गिरधरचा चेहरा उतरला. तानुबाईनं मात्र खाली मान घालून पाणी आणलं, राख आणली, वाडगा स्वतःच्या हातानं चिंधाच्या पुढ्यात ठेवला. चिंधानं पत्ती पाण्यात सोडली, राखेनं घासली, पुन्हा सोडली, पुन्हा घासली. तिसऱ्या खेपेला ती उभी चिरली. चिरलेली पत्ती त्यानं गोठ्यात जाऊन कोनाड्यातल्या कपात टाकली, तिथं राहिलेली छत्री उचलली आणि निघाला.

घरी बेबाबाईनं विचारलं, "बापानी पत्ती कोठे शे?"

"चिरली."

"आनि शेवटली विद्या?"

"आणली परत," चिंधा म्हणाला, आणि चूळ भरायला मोरीवर गेला. बराच वेळ तो चूळच भरत राहिला.