थोरली येतेय

मित्रांनो, मी नदीत उभा असलेला, पाणी मोजायचा एक जुना खांब आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. नोकरीच अशी मिळाली, त्याला काय करणार?

मी मूळचं याच रानातलं झाड. सुताराने मला तासलं, रंगाऱ्याने अंगावर पट्टे आणि आकडे काढले आणि दोघांनी मिळून मला इथे गाडलं. माझ्या जरा वरच्या बाजूला दोन उपनद्या एकत्र येतात. डावीकडची लांबच्या डोंगरातून, दाट झाडीतून वळणं घेत गढूळ होऊन येते. तिला सगळे थोरली म्हणतात. उजवीकडची धाकटी. ती आखूड, खडकांवरून उड्या मारत येणारी. रागावते पटकन, निवळतेही पटकन. थोरलीचं तसं नाही. डोंगरात पाऊस पडून जातो, इथे ऊन पडतं, सगळे निर्धास्त होतात, मग ती येते.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. लोक येऊन आकडे वाचत, माना डोलवत. पुढे कुणी फिरकेना. आकड्यांवर शेवाळ चढलं.

अशात काठावरच्या वनचौकीत नवे साहेब आले. त्यांना दोन मुली. घरात त्यांनाही थोरली आणि धाकटीच म्हणत. हे ऐकलं आणि मला पुढचा घोटाळा दिसू लागला.

एका दुपारी ओसरीवरचा वायरलेस खरखरला. डोंगरावरचा पहारेकरी ओरडत होता, "साहेब, थोरली निघाली! जोरात येतेय!"

"अरे, सावकाश ये म्हणावं."

"ती कुणाचं ऐकते होय? वाटेत दोन झाडं उपटलीत!"

"आईवर गेलीय," साहेब म्हणाले आणि त्यांनी वायरलेस बंद केला.

त्यांची थोरली त्या दिवशी सुट्टीला यायची होती. बस पलीकडच्या काठाला थांबते, तिथून पात्रातल्या खडकांवरून चालत यावं लागतं. सामान घ्यायला साहेब खुर्ची घेऊन निघाले आणि पात्रातल्या सपाट खडकावर, माझ्या शेजारीच, ऐसपैस बसले.

पाणी चढू लागलं. त्यात पालापाचोळा आला. शेवाळ नसतं, तर एकेक आकडा बुडताना त्यांना दिसला असता. मला ओरडता येत नाही. मी नुसता थरथरलो. साहेब म्हणाले, "वारा सुटलाय वाटतं."

तेवढ्यात चौकीच्या काठावरून हाक आली, "बाबा, कुणाची वाट बघताय?"

"तुझी!"

"मी कधीच आले! जीप मिळाली, मागच्या दाराने आले. चहासुद्धा झाला!"

साहेब हसले. मग त्यांचं हसू थांबलं.

"मग येतेय ती कोण?"

रानातले पक्षी एकदम गप्प झाले. मुलगी धावत आली, बापाचा दंड धरून तिने त्यांना ओढत काठावर नेलं. पाठोपाठ त्यांची खुर्ची माझ्या डोक्यावरून गेली.

पाणी ओसरल्यावर त्या मुलीने घासणीने माझं शेवाळ खरवडलं. पण सुट्टी संपली, ती गेली, शेवाळ परत आलं.

मित्रांनो, नदीला घरातलं नाव जरूर द्या, पण तिला घरातलं माणूस समजू नका. आणि माझ्यासारख्या खांबाला अधूनमधून घासत जा. मला फक्त घाबरता येतं. ते तुम्हाला वाचता यावं, म्हणून तर हे आकडे आहेत.

जमल्यास आजच या. आत्ताच वायरलेसवर पहारेकरी धापा टाकत ओरडला, "साहेब, मधली येतेय!"

साहेबांना मधली मुलगी नाही. आमच्या नदीलाही, कालपर्यंत, मधली नव्हती.