पाणी मुरतंय कुठं

दहाव्या मैलाचा फाटा ओलांडला आणि इंजिनाच्या गर्मीचा काटा लाल पट्ट्याला टेकला, तशी कुसाबाईनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद करून तिनं शेजारी बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, "अहो, परत."

"कळलंय मला," पुंजा म्हणाला. "ओझर सुटल्यापासून पायाशी गरम लागतंय."

मागच्या सीटवर चिमाजीअण्णा उशीला टेकून बसले होते. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला माणूस. दोन्ही मूत्रपिंडं थकल्यामुळे आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, त्यांना डायलिसिससाठी नाशिकला न्यावं लागे. दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा आणि आमटी, असा डॉक्टरांचा हुकूम होता.

"काय गंमत आहे बघ कुसाबाई," अण्णा म्हणाले, "माझ्या अंगात पाणी साठतंय म्हणून ते काढायला चाललोय, आणि तुझ्या गाडीतलं न सांगता जातंय. एक नळी टाकून आम्हाला दोघांना जोडून दे. दवाखान्याच्या खेपा वाचतील."

कुसाबाई हसली, पुंजा हसला. अण्णांची सून आशा मात्र हसली नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"मावशी, पावणेनऊचा नंबर आहे. मशीन दुसऱ्याला दिलं की दुपारपर्यंत बसा. मागल्या सोमवारी हेच, आज हेच."

"पोचवते गं. पाच मिनिटं."

पाच मिनिटांची वीस झाली. गरम झाकण घाईनं उघडलं की तोंडावर वाफ येते हे कुसाबाईला ठाऊक होतं. तिनं धीर धरला, फडकं दाबून झाकण जरा जरा सैल केलं आणि डिकीतल्या कॅनमधलं पाणी ओतलं. दवाखान्यात पोचल्यावर आशा उतरली आणि खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, "राग मानू नका मावशी. पुढच्या गुरुवारपर्यंत बघते. तोवर नीट झाली नाही, तर मला दुसरी गाडी लावावी लागेल. यांना रस्त्यात बसवून चालत नाही हो."

यात राग मानण्यासारखं काहीच नव्हतं, आणि कुसाबाईला तेच जास्त लागलं.

ही पांढरी डिझेल गाडी पुंजानं सव्वीस वर्षांच्या ड्रायव्हरकीनंतर स्वतःची म्हणून घेतली होती. घेतली आणि चौथ्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. उरलं होतं ते चाळणीच्या एका भोकातून दिसावं इतकंच. गाडी विकायची वेळ आली तेव्हा कुसाबाई म्हणाली, "मी शिकते." तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. तपोवनाच्या मोकळ्या मैदानात पहाटे पुंजानं शेजारी बसून तिला क्लच शिकवला. दोन महिने स्टँडवरची मंडळी हसली, तिसऱ्या महिन्यात हसायची थांबली. वर्षभरात, म्हणजे २००२ साल उजाडेपर्यंत, "बाईची गाडी हळू नेती, पण वेळेवर नेती" असं गिऱ्हाईक सांगू लागलं. पुंजा रोज शेजारी बसायचा. रस्ता तिनं बघायचा, गाडीचं इंजिन, चाकं, पट्टे यांची हालहवाल त्यानं कानांनी घ्यायची, अशी वाटणी आपोआप पडली होती.

आता २००३ संपत आलं होतं आणि दिवाळीपासून पाणी जात होतं. रोज थोडं थोडं. कुठं जातंय ते कुणालाच दिसत नव्हतं.

द्वारका चौकाजवळचा फकिरा म्हणजे डिझेल गाड्यांचा नावाजलेला मेकॅनिक. त्यानं आधी रबरी होज बदलले, मग रेडिएटर काढून झाळून घेतला. झाकण बदललं, पाण्याचा पंप नवा घातला. गळती डोळ्यांना दिसावी म्हणून पाण्यात हिरवं कूलंट घातलं. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरला, तर सकाळी पुठ्ठा खडखडीत कोरडा. इंजिन चालू ठेवून तास तास बॅटरीच्या उजेडात शोधलं, थेंब नाही. शेवटी हात पुसत तो म्हणाला, "काका, बाहेर दिसत नाय म्हणजे आतून जातंय. इंजिनाचं हेड उघडावं लागंल. पुढच्या शुक्रवारी आणा, आठ दिवस लागतील."

"हेड गेलं असतं तर धूर पांढरा आला असता," पुंजा म्हणाला. "ऑइल दुधावाणी झालं असतं. माझ्या नाकाला कळलं असतं, फकिरा. आतून नाय जात."

"तुमचं नाक खरं असंल काका," फकिरा मऊ आवाजात म्हणाला, "पण पाणी तर जातंय ना?"

तो मऊपणा पुंजाला झोंबला. एरवी हाच फकिरा त्याच्याशी गाडीवरून हमरीतुमरीवर यायचा. आता तो लहान मुलाची समजूत घालावी तसं बोलत होता. घरी आल्यावर पुंजा दोन दिवस धड जेवला नाही. कुसाबाईनं आग्रह केला नाही, फक्त त्याच्या ताटात रोज ठेचा जरा जास्त वाढला.

वाट अण्णांनी दाखवली. सोमवारी ते दवाखान्यातून बाहेर आले, दमलेले, ओठ सुकलेले, पण डोळे मिश्कील.

"कुसाबाई, मला इथं आत घेताना तोलतात आणि बाहेर सोडताना तोलतात. म्हणून तर कळतं किती आलं, किती गेलं. तुम्ही गाडीत नुसतं ओतताय. मापलंय का कधी?"

"काय मापायचं अण्णा? गेलेलं तर दिसतंच की."

"किती गेलं ते दिसतं. कधी गेलं ते?"

त्यांनी नर्सकडून पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा मागून आणला. इंजिनाशेजारच्या पाण्याच्या अर्धपारदर्शक बाटलीवर कुसाबाईनं ती उभी चिकटवली आणि अण्णांच्या पेननं त्यावर बोटाबोटाच्या अंतरावर रेघा मारल्या. पुंजानं एक अट घातली. "गरम पाणी फुगतं. ते धरू नको. रोज पहाटे गार गाडीत बघ, आणि दिवसभर गाडी कुठं कुठं गेली ते लिही."

अण्णांनी स्टोअरच्या दिवसांतली एक कोरी वही दिली. कुसाबाई चौथी शिकलेली. तिनं मन लावून लिहिलं. मंगळवारी मनमाडला एक भाडं होतं. रेल्वेतला माणूस, गाडी पकडायची घाई. त्याला स्टेशनात सोडून, इंजिन बंदसुद्धा न करता, ती तशीच माघारी आली. बुधवारी एका लग्नघरची खरेदी. रविवार कारंजा, मेन रोड, शालिमार, भांडीवाले, साडीवाले. बायका दुकानात शिरल्या की तास तास बाहेर येत नव्हत्या.

गुरुवार उजाडला. शेवटचा गुरुवार. ओझरहून निघताना आशाची नजर घड्याळावर होती. अण्णांनी चष्मा लावला आणि वही उघडली.

"मंगळवारी मनमाड. इतक्या लांब जाऊन आलात, आणि गेलं किती? एक बोट. बुधवारी गावातल्या गावात, आणि गेलं चार बोटं. मला सांग, काल गाडी किती वेळा बंद केलीस?"

कुसाबाईनं मनात मोजलं. "चारदा. नाय, पाचदा. एकदा लगेच चालू केली."

"आणि मनमाडला?"

"घरी आल्यावर. एकदाच."

मग अण्णा म्हणाले, "बाई, तुझी गाडी पळताना कोरडी असते. निजली की तिला घाम फुटतो."

पुंजा सीटवर सरळ झाला. "निवताना!" त्यानं मांडीवर थाप मारली. "तापलं की लोखंड फुगतं, गच्च बसतं. निवायला लागलं की आखडतं आणि फट सुटती. अन् फकिरा बघतोय चालू इंजिनात! कुसा, जरा दाब गाडी."

"दाबत नाय. सुनबाई मागं बसल्यात," कुसाबाई म्हणाली आणि पहिल्यांदा आशाही हसली.

पहाटे बाटली भरून घेतल्यामुळे काटा त्या दिवशी मधेच राहिला. अण्णांना आत सोडून कुसाबाईनं गाडी आवारातल्या करंजाखाली लावली आणि बॉनेट उघडलं. पुंजा पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला, कान इंजिनाकडे लावून. पण शेजारीच रिक्षावाल्यांचा घोळका होता आणि राजकारणावर त्यांची जोरात जुंपली होती. कुसाबाई पदर खोचून त्यांच्याकडे गेली.

"भाऊ, दहा मिनटं तोंड बंद ठेवा. माझा मालक गाडीचं ऐकतोय."

"काय ऐकतोय?"

"गाडी काय म्हणती ते."

रिक्षावाले इतके चकित झाले की खरंच गप्प बसले. मग एकेक जण उठून जवळ आला. चिंचा-बोरं विकणारी बाईसुद्धा टोपली घेऊन सरकली. करंजाखाली सात-आठ माणसं श्वास धरून उभी, आणि मधे एक जाड चष्म्याचा माणूस डोळे मिटून बसलेला.

चस्स.

एवढंच. गरम तव्यावर पाण्याचा शिंतोडा उडावा तसं.

पुंजानं हात वर केला. कुणी हललं नाही. बराच वेळ गेला आणि पुन्हा, चस्स. पाठोपाठ एक वास आला, करपत्या पाकासारखा, किंचित गोड.

"सायलेन्सरच्या पाइपावर पडतंय," पुंजा हलक्या आवाजात म्हणाला. "पडतं अन् तिथंच वाळतं. पाइप निवेस्तोवर आतल्या पाण्याचा जोर संपतो. पुठ्ठ्यावर काय पडणार, डोंबल?"

इंजिन हात लावण्याइतकं निवायला तास लागला. एकही रिक्षावाला हलला नाही. दोन गिऱ्हाईकं परत गेली. मग पुंजानं इंजिन आणि मागचा पत्रा यांच्यामधल्या अरुंद फटीत हात घातला, कोपरापर्यंत, मग त्याच्याही वर. गाल मडगार्डला टेकला. बोटं एकेक नट ओळखत पुढं सरकली. इंजिनाच्या अंगात पाण्याच्या वाटेवर पत्र्याच्या गोल डब्या ठोकून बसवलेल्या असतात, गॅरेजवाले त्यांना डमी म्हणतात. सगळ्यात मागच्या डमीच्या कडेला त्याच्या बोटाला मीठ साचल्यासारखी खरबरीत पापडी लागली, आणि पापडीखाली ओल.

त्यानं हात ओढून बाहेर काढला. मनगट खरचटलं होतं. मधलं बोट त्यानं कुसाबाईसमोर धरलं.

"कुसा, रंग सांग."

ती बघत राहिली. तिनं बोट धरून उजेडाकडे वळवलं.

"हिरवा," ती म्हणाली. "अहो, हिरवा हाय!"

रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बोरंवालीनं ओंजळभर बोरं कुसाबाईच्या पदरात टाकली आणि घेतलीच पाहिजेत म्हणून हटून बसली.

अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं. आशानं त्यांना धरून गाडीत बसवलं. पण सगळी हकिकत ऐकल्याशिवाय त्यांनी गाडी सुरू करू दिली नाही. मग त्यांनी वही मागितली आणि तारखेपुढं लिहिलं, "सापडले." खाली सही ठोकली. कारखान्यातली सवय.

फकिरानं दुसऱ्या दिवशी स्वतः हात घातला, मग छोटा आरसा घातला, बॅटरी धरली. कुठल्याही कोनातून त्याला ती जागा दिसली नाही. तो टाचांवर बसून राहिला.

"काका, मी हेड उघडलं असतं," तो म्हणाला. "आठ दिवस गाडी पाडून ठेवली असती, परत बसवली असती, अन् पाणी जातच राहिलं असतं."

"मग शिव्या देऊ का?" पुंजानं विचारलं.

"द्या की."

पुंजानं दिल्या. चांगल्या मनापासून दिल्या. फकिरानंही दोन परत केल्या आणि दोघांचा चहा झाला. नवी डमी संध्याकाळपर्यंत बसली. सोमवारी पहाटे कुसाबाईनं कंदिलासारखी बॅटरी उंच धरून बाटली पाहिली. पाणी रेघेवर होतं. मंगळवारी होतं. महिना उलटला तरी होतं.

आशानं दुसरी गाडी लावली नाही. पुढची पावणेदोन वर्षं, दर सोमवारी आणि गुरुवारी, कुसाबाईची गाडी ओझरच्या त्या घरासमोर वेळेवर उभी राहिली. २००५च्या श्रावणात अण्णा गेले. शेवटच्या दिवशी त्यांना पाहिजे तेवढं पाणी दिलं, असं ओझरला भेटायला गेलेल्या दोघांना आशानं सांगितलं. परतीच्या वाटेवर दोघं नवराबायको आडगावपर्यंत आली. मग पुंजाला अण्णांची कुठलीशी गोष्ट आठवली आणि तो हसायला लागला. कुसाबाईला डोळे पुसण्यासाठी गाडी थांबवावी लागली.

त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी एका सकाळी फकिरा म्हसरूळला त्यांच्या दारात आला. आत न येता, ओट्याखाली उभा राहूनच तो म्हणाला, "काका, गॅरेजला एक गाडी आलीया. सटाण्याच्या डॉक्टरची. तीन ठिकाणी दाखवून झालंय. मलाबी काय दिसंना झालंय. जरा हात लावून बघता का?"

त्याच्या आवाजात मऊपणा नव्हता. तो अडला होता, आणि घाईत होता.

"चहा घेऊन जाऊ," पुंजा म्हणाला.

"चहा तिकडंच पाजतो. डॉक्टर वाट बघतायत."

कुसाबाईनं त्यांना द्वारकेला आणलं. गॅरेजमध्ये डॉक्टर खुर्चीवरून उठून उभे राहिले. फकिराची दोन माणसं बाजूला सरली. गाडीजवळ गेल्यावर पुंजा थांबला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले. कुसाबाईनं त्याच्या सदऱ्याच्या बाह्या घडी घालून कोपराच्या वर सारल्या. त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून स्वतःच्या हातात घातलं. त्याचा तळवा बॉनेटच्या कडेवर नेऊन ठेवला, आणि ती दोन पावलं मागे सरून उभी राहिली.